स्टॉपर

संपादकांनी फुटबॉलवर लेख मागितला आणि विषय माझ्यावर सोडला. वाचकांना बायचुंग भुतिया किंवा सुनील छेत्री आवडेल, असं त्यांनी जाता जाता सुचवलंही. पण नगरमध्ये मुलांना बचाव शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, आणि बचावावर मराठीत कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून हा लेख महेश गवळीवर.

श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे आमच्या जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहेत. गवळी कोण, ते मात्र सांगावं लागतं. 1980 मध्ये जन्मलेला हा गोव्याचा मुलगा जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडला. एफसी कोचीन, चर्चिल ब्रदर्स, ईस्ट बंगाल, महिंद्र युनायटेड आणि डेम्पो या क्लबांकडून तो खेळला. भारताच्या संघातही तो वर्षानुवर्षं होता. जागा एकच: बचावफळीच्या मध्यावर, गोलरक्षकाच्या पुढे. आपल्याकडचे जुने खेळाडू या जागेला स्टॉपर म्हणतात.

2005 मध्ये कराचीत दक्षिण आशियाई फुटबॉलच्या सॅफ स्पर्धेचा अंतिम सामना भारताने बांगलादेशविरुद्ध 2-0 असा जिंकला. त्यातला पहिला गोल गवळीचा होता. त्याच्याविषयी बोलताना लोकांना आठवलाच तर हा गोल आठवतो, आणि तिथेच माझी तक्रार सुरू होते. मधल्या बचावपटूची कारकीर्द त्याने मारलेल्या गोलावरून सांगायची, हे यष्टिरक्षकाची थोरवी त्याच्या धावांवरून ठरवण्यासारखं आहे.

स्टॉपरचं काम समजून घ्यायचं तर 1992 सालचा एक नियमबदल माहीत हवा. त्याआधी अडचणीत सापडलेला बचावपटू चेंडू मागे गोलरक्षकाकडे सरकवायचा, गोलरक्षक तो हातात घ्यायचा, आणि संकट टळायचं. 1992 पासून आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताने उचलता येईनासा झाला. एका ओळीच्या या बदलाने बचावपटूचा सगळा अभ्यासक्रम पालटला. चेंडू पायाशी येण्याआधीच डावीकडे कोण, उजवीकडे कोण, मागून कोण धावतंय, हे मान वळवून पाहून ठेवणं भाग पडलं. गवळीची पिढी याच नव्या नियमाखाली घडली. त्याच्या खेळातली शांतता लोकांना स्वभावाची वाटे. मला तिच्यात तालमीत मुरलेली ही सवय दिसते.

दुसरी गोष्ट टॅकलची. नगरच्या वाडिया पार्कवर मुलांचा सामना असला की पालक ओरडतात, ‘घे त्याला! आडवा कर!’ घसरत जाऊन चेंडू काढला की टाळ्या पडतात. घसरणारा बचावपटू एकदा जमिनीवर गेला की उठेपर्यंत तो सामन्यात नसतो, हे कुणी लक्षात घेत नाही. शिकलेला स्टॉपर आधी अंतर कमी करतो, मग वेग कमी करतो. अंग तिरकं ठेवतो, म्हणजे मागे वळायला वेळ लागत नाही. प्रतिस्पर्ध्याला मधली वाट बंद करून कडेच्या रेषेकडे ढकलतो आणि साथीदार परत येईपर्यंत रोखून धरतो. पाय घालायची वेळ आलीच तर ती सगळ्यात शेवटी. मागे निवड चाचणीत मी शिकवलेला एक मुलगा वगळला गेला. ‘त्याचं काही दिसलंच नाही,’ असं कारण मिळालं. त्याच्या बाजूने एकही धोकादायक चेंडू पेनल्टी क्षेत्रात आला नव्हता. दिसण्यासारखं होतं ते तेवढंच, आणि ते कुणी पाहिलं नाही. ही गोष्ट मला अजून सलते.

आता माझ्या आवडत्या वादाकडे येतो. बचाव माणसाला धरून करायचा की जागेला धरून? पहिल्या पद्धतीत प्रत्येकाला एक गडी नेमून दिलेला असतो. तो जाईल तिथे तुम्ही. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाकडे मैदानाचा एक पट्टा असतो. त्या पट्ट्यात येईल तो तुमचा, बाहेर गेला की शेजाऱ्याचा. माणूस धरणारे हमखास दाखला देतात तो जकार्ताचा.

26 जुलै 2003. आसियान क्लब स्पर्धेचा अंतिम सामना, ईस्ट बंगालविरुद्ध थायलंडचा बीईसी तेरो सासाना. थाई संघ त्याच मोसमात आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत पोचलेला होता, आणि गटसाखळीत त्याने ईस्ट बंगालला 1-0 हरवलं होतं. प्रशिक्षक सुभाष भौमिक यांनी थाई संघाच्या चायमनवर षष्ठी दुलेला सोडलं. दुले त्याला सावलीसारखा चिकटला, आणि ईस्ट बंगालने सामना 3-1 असा जिंकला. तेव्हापासून ही कथा माणूस धरण्याचा विजय म्हणून सांगितली जाते.

माझं म्हणणं वेगळं आहे. चायमनच्या मागे धावला तो दुले, आणि दुले मधल्या फळीतला. तो आपली जागा सोडून कुठेही जाऊ शकत होता, कारण मागे सुले मूसा, गवळी आणि त्यांचे साथीदार फळी धरून होते. कबड्डीत एक कोपरा चढाईवाल्यावर झेपावतो तेव्हा बाकीची साखळी तुटली तर गुण जातो. इथेही तसंच आहे. स्टॉपरनेच माणसामागे धावायचं ठरवलं असतं तर चायमनने त्याला कडेला ओढून नेलं असतं आणि मध्ये दरवाजा उघडा राहिला असता. ऑफसाइडचाही प्रश्न येतोच. फळी एका रेषेत असेल तरच पुढे सरकून प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइड पकडता येतं. 1990 पासून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑफसाइड धरला जात नाही, म्हणजे चुकीला जागा आणखी कमी. एक जण जरी माणसाच्या मागे दोन पावलं खाली राहिला तरी सगळी रेषा फसते. आमच्या कित्येक शाळांत आजही ‘तू दहा नंबरला धर’ एवढंच सांगून मुलाला मैदानात उतरवतात. हे ऐकलं की जकार्ताची कथा किती अर्धवट पोचली आहे, ते कळतं.

जकार्तानंतर गवळी मुंबईत महिंद्र युनायटेडकडे आला. स्वतः बचावपटू राहिलेल्या डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. मग गोव्यात डेम्पो. आर्मांदो कोलासो यांच्या डेम्पोने 2007-08, 2009-10 आणि 2011-12 अशी तीनदा आय-लीग जिंकली. छेत्री, रँटी मार्टिन्स यांची नावं त्या काळाशी जोडलेली आहेत. पण फॉरवर्ड बदलत असताना मागे समीर नाईक आणि गवळी होते.

या क्लबांचं पुढे काय झालं? कोचीन बंद पडला. महिंद्र युनायटेड 2010 मध्ये विसर्जित झाला. डेम्पोने 2016 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं आणि तो 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला. बचावफळी वर्षानुवर्षं एकत्र खेळून जमते, कारण शेजारचा कधी पुढे जाईल हे न बोलता कळावं लागतं. क्लबच टिकत नसेल तर ही ओळख कुठे मुरणार? कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ असे तालमींचे संघ पिढ्यानपिढ्या टिकले. तिथल्या पोरांना एकमेकांची सवय असते. नगरला तसं काही उभं राहिलं नाही, आणि त्याचा त्रास आम्हाला प्रत्येक स्पर्धेत होतो.

गवळीने शिकलेलं वाया गेलं नाही, याचा पुरावा 2023 मध्ये मिळाला. इगोर स्टिमॅच यांच्या हाताखाली तो भारताचा सहायक प्रशिक्षक होता. जूनमध्ये भुवनेश्वरच्या इंटरकॉन्टिनेंटल चषकात भारताने चार सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. लगेच बंगळुरूत सॅफ स्पर्धा झाली. लाल कार्डामुळे स्टिमॅच उपांत्य आणि अंतिम सामन्याला बाकावर नव्हते. संघ गवळीने सांभाळला. लेबनॉनविरुद्ध 0-0 आणि पेनल्टींवर विजय. 4 जुलैला कुवेतविरुद्ध 1-1 आणि पुन्हा पेनल्टींवर विजय. दोन्ही स्पर्धा मिळून नऊ सामन्यांत भारताने फक्त दोन गोल खाल्ले, त्यातला एक स्वयंगोल. बातम्यांत छेत्री आणि गोलरक्षक गुरप्रीत झळकले. दोघांनाही त्याचा हक्क होता. पण नऊ सामन्यांत दोन हा आकडा माझ्या दृष्टीने त्या दिवसांतली सर्वांत मोठी बातमी होती.

म्हणून जिल्ह्यातल्या स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. सर्वाधिक गोलांच्या बक्षिसाशेजारी चौदा वर्षांखालच्या गटापासून बचावपटूचंही बक्षीस ठेवा, आणि ते दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांच्या मतांनी ठरवा. निवड समितीत एक तरी माणूस मागच्या फळीत खेळलेला असू द्या. आणि सामन्याच्या कागदावर गोल कुणी मारला याबरोबर संघाने किती खाल्ले आणि तेव्हा मागे कोण होतं, हेही लिहायला सुरुवात करा.