विसणाचा हिशेब

घरगुती खरेदी हा काही साहित्यचर्चेचा विषय नव्हे, असे म्हणणारे सुज्ञ वाचक असतील. त्यांच्याशी आमचा वाद नाही. परंतु ज्या खरेदीत घरातील एखाद्या माणसाचा मान गुंतलेला असतो, ती नुसती देवघेव राहत नाही. तिच्यातील आकडेही मग निराळ्या डोळ्यांनी वाचावे लागतात.

आमच्या आईचे वय ८२. गुडघे वाकत नाहीत आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्यामुळे तांब्याने अंगावर पाणी घेणे तिला अशक्य झाले. "मला कुणी न्हाऊ घालायचं नाही," एवढीच तिची अट. स्टुलावर बसून, डाव्या हातात शॉवर धरून, दार लोटून घेऊन तिला एकटीने स्नान करता यावे, हे आमचे उद्दिष्ट. आणि वायरमन-प्लंबरच्या मजुरीसकट १०,००० रुपये ही मर्यादा.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आमच्या भाचीने तिकडच्या विजेच्या शॉवरची शिफारस केली. त्याला टाकी नसते. वाहता वाहताच पाणी तापते. कल्पना मोहक खरी. पण ८.५ किलोवॅटचे ते यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ३७ अँपिअर वीज ओढते, आणि आपल्या न्हाणीघरातील पॉवर सॉकेट असतो १६ अँपिअरचा. म्हणजे मीटरपासून निराळी जाड तार टाकणे आले. शिवाय त्याला पाण्याचा दाब लागतो साधारण १ बार, म्हणजे नळाहून १० मीटर उंच टाकी. आम्ही पुण्यात इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर राहतो; गच्चीवरील टाकी आमच्या नळापासून जेमतेम ४ मीटर उंच.

मग आपल्याकडचा ३ लिटरचा 'इन्स्टंट' गीझर पाहिला. किंमत निम्मी, आणि ३ किलोवॅट हा आकडाही भारदस्त. परंतु हिवाळ्यात १८ अंशांचे पाणी ४० अंशांवर न्यायचे, तर ३ किलोवॅटमध्ये मिनिटाला दोन लिटरच पाणी तापते. बादली भरायला ते पुरते. अंगावर धरायला ती धार फार बारीक. गॅसचा गीझर स्वस्त आणि वेगवान असतो. पण आमच्या न्हाणीघराला हातभर झरोका. कोंडलेल्या जागेत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. दार लावून एकटीने स्नान करू इच्छिणाऱ्या वृद्धेसाठी तो विचारच आम्ही सोडला.

राहिला १५ लिटरचा साठवणीचा गीझर, २ किलोवॅटचा. तो २०-२२ मिनिटांत पाणी ६० अंशांवर नेतो. वीज लागते पाऊण युनिटच्या आसपास. आणि इथे आमच्या मदतीला धावून आला जुना शब्द: विसण. कढत पाण्यात गार पाणी मिसळले, की १५ लिटरचे, हिशेबाने, ४० अंशांचे २८ लिटर होतात. मिनिटाला चार लिटर सोडणाऱ्या शॉवरला ते सात मिनिटे पुरतात. सर्वांत मोठी गोष्ट ही, की पाणी तापले की बटण बंद करून मगच स्नानाला बसता येते. विजेच्या शॉवरमध्ये ही सोय नाही. त्यात माणूस भिजत असतो तेव्हाच वीज वाहत असते.

गीझरला ६,५०० रुपये पडले. उरलेल्या पैशांत चकचकीत नळ घेण्याचा मोह दुकानदाराने दाखवला होता. आम्ही त्यांतले २,००० गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर घातले आणि अर्थिंग तपासून घेतले. हातात धरायचा शॉवर आणि रबरी पायांचे स्टूल मिळून १,३००. एकूण ९,८००.

'गीझर' हे नाव आले आइसलंडमधील गेसिर नावाच्या उष्ण झऱ्यावरून. इतक्या दूरचा शब्द आमच्या न्हाणीघरात आला, आणि बंब-घंगाळाबरोबर विसणही गेले असे आम्ही समजत होतो. वस्तू गेल्या, क्रिया मात्र उरली. फक्त तिचा क्रम उलटा झाला. पूर्वी गरम पाण्यात गार घालत. आता आधी गार नळ सोडायचा आणि मग हळूहळू गरम, कारण ६० अंशांचे पाणी म्हाताऱ्या कातडीला काही क्षणांतच भाजते. आईला हे एकदाच सांगावे लागले. "म्हणजे विसण आधी," ती म्हणाली आणि तिने दार लोटून घेतले.

एखाद्या शब्दाचे आयुष्य कोशात मोजावे, की कोणाच्या तरी हाताला तो अजून वाट दाखवतो यावर, हा प्रश्न आम्ही भाषेच्या अभ्यासकांवर सोपवतो.