शांततेचं बजेट पाच हजार

मार्चमधल्या एका सोमवारी रात्री माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. आधी वाटलं, शेजारच्या काकूंचा कुकर. मग वाटलं, फोनचा चार्जर. शेवटी आईला उठवून विचारलं, ‘‘तुला काही ऐकू येतंय?’’ ती म्हणाली, ‘‘तुझे बाबा घोरतायत ते येतंय. झोप आता.’’ बारीक, सरळ, न थांबणारी शिट्टी. मंगळवारी होती. बुधवारीही होती. गुरुवारी मी मुकाट्याने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मी फ्रीलान्सर. म्हणजे स्वतःचं ऑफिस नाही, पण दुसऱ्यांची चार! डोंबिवलीहून कधी दादर, कधी लोअर परळ, कधी अंधेरी. रोजचे अडीच-तीन तास प्रवासात जातात आणि ते फुकट घालवणं मला परवडत नाही. त्यामुळे लोकलमध्ये उभ्या उभ्या मी रेकॉर्ड केलेले इंटरव्ह्यू ऐकते आणि फोनवर टिपून घेते. समोरचा माणूस हळू बोलणारा असला (मोठी माणसं नेमकी हळूच बोलतात), की आवाज वाढवायचा. गाडीने वेग घेतला, की आणखी वाढवायचा. कानात काय? तर लोकलमध्येच फेरीवाल्याकडून घेतलेले दीडशे रुपयांचे इअरफोन. आवाजाची पट्टी कायम शेवटच्या टोकाला.

डॉक्टरांकडे एका छोट्या बंद खोलीत बसवलं. बीप ऐकू आला की बटण दाबायचं. शाळेतल्या परीक्षेसारखं मी अंदाजपंचे पण दोन-चारदा दाबलं, हे कबूल करते. मग हातात आलेख आला. रेघ छान सरळ चाललेली आणि ४,००० हर्ट्झपाशी एक छोटा खड्डा.

‘‘काम कुठे करता? कारखान्यात?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘नाही. जर्नलिस्ट आहे.’’

‘‘बरं. मग इअरफोन.’’

मला तो खड्डा ओळखीचा वाटला. कारण तसाच आलेख आमच्या कपाटात आहे, आजोबांच्या फाईलमध्ये. फक्त त्यांचा खड्डा नाही, दरी आहे. आजोबा गिरणीत होते, साचेखात्यात. १९८२च्या संपापर्यंत जवळपास वीस वर्षं ते शेकडो मागांच्या खडखडाटात उभे राहिले. कानात फार तर कापसाचा बोळा. आता ऐंशी पार केली आहे. पंख्याची घरघर, ट्रकची धडधड असे जाडे आवाज त्यांना नीट येतात, पण बारीक अक्षरं हरवतात. ‘साखर’ म्हटलं तर त्यांना ‘भाकर’ ऐकू येतं. चहाच्या वेळी आमच्याकडे यावरून रोज एक विनोदी नाटक होतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आतल्या कानात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सांगतो, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालेल. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला तर आठवड्याचे जेमतेम चार तास! माझे ते चार तास मंगळवारी संध्याकाळी घाटकोपरलाच संपत असणार.

‘‘आवाज कमी ठेवा,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘पण मग ट्रेनमध्ये ऐकूच येत नाही.’’

‘‘मग ट्रेन कमी करा.’’

ते हसत हसत म्हणाले, पण माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. ट्रेन कमी करायची! नॉइज कॅन्सलिंग! आजपर्यंत मी ही चीज विमानात बिझनेस क्लासने फिरणाऱ्यांची समजत होते. गंमत म्हणजे ती खरंच विमानातच जन्मली. म्हणजे आवाजाने आवाज मारायचा फंडा तसा जुना, पॉल लुएग नावाच्या जर्मन माणसाला त्याचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. पण हेडफोनमध्ये तो आणायचं डोक्यात घेतलं अमर बोस यांनी. १९७८मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातल्या हेडफोनवर घरघरीपुढे काही धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच गणित मांडायला घेतलं. त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी हेडसेट विकायला १९८९ साल उजाडलं, आणि तुमच्या-आमच्यासाठीचा हेडफोन आला २०००मध्ये. तेव्हाची किंमत बघून ‘तुमच्या-आमच्या’ हा शब्द मागे घेते.

माझं बजेट पाच हजार. तेही एका क्लायंटकडे तीन महिने अडकलेलं पेमेंट आलं म्हणून.

पहिला गाढवपणा मी आठवडाभरातच केला. सेलमध्ये बाराशेला इअरबड्स दिसले. खोक्यावर ठळक अक्षरात ‘ईएनसी, नॉइज कॅन्सलेशन’. घेतले! दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये घातले तर गाडी जशीच्या तशी कानात. तेवढ्यात एडिटरचा फोन. ते खूश. ‘‘अगं, आज तू ट्रेनमध्ये नाहीस वाटतं? एकदम क्लिअर येतोय आवाज!’’ मी दारापासून दोन हातांवर लोंबकळत होते.

तर मंडळी, हे पाठ करून ठेवा. ईएनसी म्हणजे तुमच्या माइकमधून जाणारा गोंगाट कमी करणं. त्याचा फायदा फोनवरच्या पलीकडच्या माणसाला. आपल्या कानाला हवं ते एएनसी, ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. एका अक्षराचा फरक, आणि खोक्यावर दोन्ही असे काही छापतात की माझ्यासारखी मास कॉमवाली, जिने जाहिरातींवर अख्खा पेपर लिहिलाय, तीसुद्धा फसते. परत करायला गेले तर कळलं, पैसे परत नाहीत, फक्त बदलून मिळेल. ही ओळ सगळ्यात बारीक टायपात होती. ते बड्स आता आई भिशीच्या ग्रुप कॉलला वापरते आणि जाम खूश आहे.

उरले अडतीसशे. या वेळी मी घाई केली नाही. एका मैत्रिणीकडे सोनीचा डब्ल्यूएच-सीएच ७२०एन होता, २०२३मध्ये आलेला. तो दोन दिवस उसना घेतला. वजन १९२ ग्रॅम, डोक्यावर काही आहे हेच विसरायला होतं. एएनसी चालू ठेवून कंपनी ३५ तासांची बॅटरी सांगते, मला दोन दिवसांत चार्जर शोधावा लागला नाही. सही! पण भारतात आला तेव्हाच त्याची किंमत होती ९,९९०. माझ्या आवाक्याबाहेर. तरी उसना घेतल्याचा फायदा झाला, कारण नेमकं काय शोधायचं ते कळलं.

पहिली गोष्ट, एएनसी जादू करत नाही. बाहेरचा माइक आवाज ऐकतो, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. हे जमतं ते एकसुरी, जाड आवाजाला. ट्रेनची घरघर, एसी, पंखा, बसचं इंजिन. बारीक आणि अचानक येणाऱ्या आवाजाची लाट इतकी छोटी की चिपला ती गाठताच येत नाही. त्यामुळे हॉर्न, बाळाचं रडणं आणि लेडीज डब्यातल्या गप्पा कानावर येतातच. उलट घरघर गेल्यावर गप्पा जास्त स्वच्छ ऐकू येतात! चौथ्या सीटवरच्या बाईंच्या नणंदेने साखरपुड्यात काय केलं, ते मला आता सविस्तर माहीत आहे.

उरलेला बारीक आवाज अडवतं ते साधं बूच. म्हणजे बड्स असतील तर रबरी टोपी, मोठे हेडफोन असतील तर गादी. ते घट्ट बसलं नाही तर एएनसी कितीही भारी असू दे, पाणी फटीतून येतंच. मी चष्मा लावते. चष्म्याच्या काडीने गादीखाली फट पडते, हे मला कुठल्याच खोक्यावर वाचायला मिळालं नाही.

आणि ते डेसिबलचे आकडे! २०२३मध्ये तीन हजारांच्या आत आलेल्या वनप्लस नॉर्ड बड्स २वर २५ डेसिबल लिहिलेलं, पुढच्याच वर्षी अडीच हजारांच्या सीएमएफ बड्सवर ४२. आता तर स्वस्तातल्या बड्सवर ५०सुद्धा दिसतो. हा आकडा म्हणजे सर्वात जास्त कपात, ती एखाद्या ठरावीक पट्ट्यातच मिळते. सगळा गोंगाट तेवढ्याने कमी होत नाही. पगाराच्या पत्रातला सीटीसी आणि हातात येणारी रक्कम, असंच काहीसं.

खरेदीला गेले लोअर परळला. ज्या भागात आजोबांची गिरणी होती तिथेच आता मॉल आहे, आणि मॉलमधल्या एका दुकानात मी शांतता विकत घ्यायला उभी. सेल्समनने एक जोड माझ्या डोक्यावर चढवून लगेच धडाम गाणं लावलं. ‘‘मॅडम, बेस बघा, बेस!’’ मी म्हटलं, गाणं बंद करा. तो गोंधळला. ‘‘मग ऐकणार काय?’’ मी सरळ एसीच्या खाली जाऊन उभी राहिले. एएनसी चालू, बंद, चालू, बंद. चष्म्यासकट. मान हलवून. एका जोडात चालू केलं की कानावर दाब यायचा, लिफ्टमध्ये येतो तसा. दुसऱ्यात एसी गेला पण बारीक ‘स्सss’ यायला लागलं. तिसऱ्यात एसी विरघळला आणि काहीच आलं नाही. तो घालून मी पंधरा मिनिटं दुकानात फिरले. सिक्युरिटीवाले काका माझ्यामागून फिरले.

तोच घेतला. ३,७९९. नाव सांगत नाही, कारण सहा महिन्यांत तो मॉडेल बंद होईल आणि तुम्ही मला शिव्या घालाल. कानावर पूर्ण बसणारा मोठा घेतला, कारण रोज तीन-चार तास कानाच्या आत काही खुपसून ठेवायला डॉक्टरांची ना होती. वायर लावायची सोय आहे. गाद्या वेगळ्या विकत मिळतात हेही विचारून घेतलं, आपल्या दमट हवेत ते नकली चामडं टिकत नाही. मे महिन्यात साध्या लोकलच्या सेकंड क्लासमध्ये मात्र हा घालणं म्हणजे कानांना वाफारा देणं. तेव्हा मी तो गळ्यात अडकवते आणि खिडकीबाहेर बघते. कानांनाही सुट्टी.

फरक काय पडला? आवाजाची पट्टी शेवटच्या टोकावरून मधोमध आली. बस्स, एवढाच. शिट्टी तोपर्यंत थांबली होती. खड्डा आहे तिथेच आहे.

पण कहाणी इथे संपत नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी घरी डायनिंग टेबलावर बसून डेडलाइनवर तुटून पडले होते. एएनसी चालू, कानात इंटरव्ह्यू. अचानक टेबलावर काठी आपटली. दचकून बघितलं तर समोर आजोबा, भिंतीला धरून, घामाघूम. बाथरूममधून उठता येत नव्हतं. मला हाका मारत होते. किती वेळ ते त्यांनाही सांगता आलं नाही. शेवटी स्वतःच कसेबसे उठून आले. पडले असते तर? घरात आम्ही दोघंच होतो.

मी हेडफोन काढला. मला रडू येत होतं. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला.

‘‘हे काय गं?’’

‘‘बाहेरचा आवाज बंद होतो यानं, आजोबा.’’

‘‘केवढ्याला?’’

सांगितलं. ते खुर्चीत टेकले आणि हसायलाच लागले. ‘‘ऐकू न येण्याचे पैसे दिलेस तू? पोरी, आम्हाला गिरणीनं फुकट दिलं होतं!’’

त्या दिवसापासून घरात एएनसी बंद. हेडफोनमध्ये बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड असतो, तो मी आधी फालतू समजत होते. आता घरी तोच चालू असतो, आणि एक कान उघडा. बाहेरही प्लॅटफॉर्मवर, रस्ता ओलांडताना हेडफोन गळ्यात. बाथरूममध्ये बाबांनी बेल बसवून घेतली, जाड आवाजाची.

परवा रविवारी दुपारी आजोबा म्हणाले, मला घालून दाखव बघू. त्यांचं कानातलं मशीन काढून ठेवलं, हेडफोन चढवला, गाणंबिणं काही लावलं नाही, नुसतं एएनसीचं बटण दाबलं. ते थोडा वेळ स्थिर बसले. मग छताकडे बघायच्या आधीच माझ्यावर ओरडले,

‘‘पंखा का बंद केलास गं? लाव की. उकडतंय!’’

पंखा पाचवर होता.