एक प्रश्न

आमच्या घरात कुणी गप्प झाले की त्याला खायला घालायचे, अशी जुनी रीत आहे. ताप आला तर पेज, रुसवा आला तर लाडू! गेल्या दिवाळीत माझा भाचा आमच्याकडे आला, तेव्हा मीही हीच रीत चालवली. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत त्याला दुसऱ्यांदा गुण कमी पडले होते. पोरगा चकलीला हात लावीना, रात्री दिवा मालवीना. "वयच तसं आहे, होईल ठीक," असे मी बहिणीला कळवले आणि त्याच्या ताटात एक करंजी जास्त वाढली.

धनत्रयोदशीच्या रात्री तो मनगटावरचे घड्याळ काढून घेऊन आला. "मावशी, हे तू ठेव. मला आता काय करायचंय?" दहावीला वडिलांनी हौसेने दिलेले घड्याळ ते! माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला.

विचारावे, तर नसलेला विचार आपणच पोराच्या डोक्यात घालू, ही माझी जन्माची समजूत. ती खोटी आहे, हे जाणती माणसे केव्हाची सांगत आली आहेत. पण जुन्या समजुती जुन्या भांड्यांसारख्या. उपयोग नसला तरी टाकवत नाहीत. अखेर धीर करून विचारले, "जीव द्यावा असं मनात येतं का रे?"

बऱ्याच वेळाने त्याने मान हलवली. मला वाटले, आता आभाळ कोसळणार. ते कोसळले नाही. पोरगा ओट्याशी टेकला आणि कित्येक महिन्यांचे साचलेले बोलू लागला. उपदेशाचे चार शब्द माझ्या ओठांवर आले. ते गिळणे फार जड गेले. "आईला सांगू नकोस," म्हणाला. ते वचन मात्र मी दिले नाही.

मग दोघांनी मिळून १४४१६ हा नंबर फिरवला. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही 'टेली-मानस' सेवा. पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री बोलता येते, आणि तेही मराठीत. पलीकडच्या बाईंनी आधी त्यालाच बोलू दिले. मग मला सांगितले : त्याला एकटे सोडू नका, जिवाला धोका होईल अशा वस्तू कुलपात ठेवा, डॉक्टरांना लवकर दाखवा. बहीण पहाटेच्या गाडीने आली.

"लोक काय म्हणतील?" हा प्रश्न घरात निघालाच. पाय मोडला असता तर साऱ्या आळीला सांगितले असते. मनाच्या दुखण्यावरच आपण पडदा ओढतो.

उपचार अजून चालू आहेत. सगळे दिवस सारखे नसतात. यंदाही घरोघर पोरे येतील. फराळ जरूर द्या, पण एखादे गप्प दिसले तर शेजारी बसून विचाराही.

गणपतीत भाचा आला, तेव्हा आरतीच्या आधी हळूच म्हणाला, "मावशी, माझं घड्याळ कुठंय गं? वेळच कळत नाही."

मी कपाट उघडले. घड्याळ बंद पडले होते. त्याने स्वतःच किल्ली दिली.