वालट्यूब, काटा आणि काळे हात

सायकलची हवा गेली की आपण थेट पंक्चरवाल्याकडे निघतो. पण बरेचदा ट्यूब धडधाकट असते, गळत असतो तो व्हॉल्व्ह. साध्या काळ्या सायकलच्या व्हॉल्व्हवर इवलीशी रबरी नळी असते, दुकानात तिला ‘वालट्यूब’ म्हणतात. उन्हाने ती चिरते आणि रात्रीत चाक बसतं. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा (हो, थुंकीच!). बुडबुडा आला तर नळी बदला, झालं.

माझ्या गिअरच्या सायकलला प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे. सडपातळ, टोकाला चिमुकला नट. तो सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही, आणि पेट्रोल पंपावरची नळी त्याला बसतच नाही. म्हणून एक पितळी अडॅप्टर कायम सोबत.

मी पहाटे एकटीच निघते. आईचा फोनवर ठरलेला प्रश्न, “वाटेत चाक बसलं तर?” त्या वेळी एकही दुकान उघडं नसतं, त्यामुळे तिची काळजी खोटी नाही. तिच्यासाठीच मी ट्यूब बदलायला शिकले. जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, बस्स.

नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवायचं. काटा तिथेच राहिला, तर नवीही जाते. भोक व्हॉल्व्हच्या बुडाशी असेल तर पॅच टिकत नाही, ट्यूबच बदलावी लागते.

गेल्या रविवारी बाभळीचा काटा निघाला. काळ्या हातांचा फोटो आईला पाठवला. उत्तर आलं, “साबणाने धू. नाश्ता केलास का?”