विनोबांच्या पुढे चालणारा

विनोबांच्या पदयात्रेच्या छायाचित्रांत तो फारसा सापडत नाही. कारण साधं आहे: फोटो काढण्याजोगा उजेड झाला, की त्याची पाळी संपलेली असे.

पहाटे तीनला उठायचं, प्रार्थना आटोपून चारच्या सुमारास वाटेला लागायचं आणि ऊन चढायच्या आत दहा-बारा मैलांवरचा पुढचा पडाव गाठायचा, असा यात्रेचा क्रम होता. म्हणजे निम्मी चाल अंधारातली. त्या अंधारात सगळ्यांच्या पुढे हा गडी. पत्र्याची टाकी, तारेच्या जाळीत बसवलेली काच, बोटभर रुंदीची वात, ती वर-खाली करायची चावी आणि धरायला कडी. रॉकेलचा कंदील. इतक्या वर्षांत तो एकच होता, असं कोण म्हणेल? काचा फुटल्या असतील, टाक्या गळल्या असतील. पण सप्ताहात वीणेकरी बदलतो, वीणा खाली टेकत नाही, तसंच याचं. म्हणून मी त्याला एकच धरतो.

स्वभावानं खाली मान घालून चालणारा. त्याचा चुलतभाऊ पेट्रोमॅक्स सभेत उंच टांगला जाई, फुसफुसे, सगळ्यांची तोंडं उजळी. दानाची भाषणं त्याच्या वाट्याची. कंदील हातात लोंबतो, गुडघ्याच्या उंचीवर, आणि त्या उंचीवरून माणसाचं तोंड दिसतच नाही. दिसतात ते पाय. पाटील कोण, सालदार कोण, हे त्याला चपलेवरून किंवा चप्पल नसण्यावरून कळत असेल तेवढंच.

आता एक अडचणीची गोष्ट. 1951 च्या मार्चमध्ये विनोबा हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी निघाले, तेव्हा रेल्वे होतीच. पण पवनारला धाम नदीकाठच्या परमधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग चालू होता. पैसा हाताळायचा नाही, बाजारावर विसंबायचं नाही, शेती बैलांशिवाय करायची. पैसा सुटला तसं तिकीटही सुटलं. मग यवतमाळ, आदिलाबाद करत सुमारे तीनशे मैल पायी. बरोबर महादेवीताई, दामोदरदास मुंदडा अशी मोजकी मंडळी. सगळी कांचनमुक्त, एक कंदील सोडून. रॉकेल काही परमधामच्या विहिरीतून निघत नव्हतं. ते कुठल्या तरी दुकानातून, कुणीतरी पैसे मोजूनच आणलेलं. या तपस्वी मंडळींत बाजाराचं पिणारा तो एकटा, आणि त्याच्यावाचून कुणाचं पाऊल पुढे पडत नव्हतं! विनोबांना हे सुचलं असतं तर त्यांनी त्यावरही एखादं प्रवचन दिलं असतं.

संमेलन आटोपलं आणि 15 एप्रिलला विनोबा तेलंगणाच्या आतल्या गावांकडे वळले. तिथे जमीनदार आणि कम्युनिस्ट यांच्यात रक्त सांडत होतं. 18 एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी 80 एकर मागितले. विनोबांनी सभेतच विचारलं, गावात कुणी देणारं आहे का? रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि 100 एकर देतो म्हणाले. भूदान सुरू झालं ते इथे, दिवसाढवळ्या. त्या वेळी कंदील कुठल्या तरी ओसरीच्या कोपऱ्यात असणार आणि कुणीतरी त्याची काच राखेनं घासत असणार. तेलंगणातल्या 51 दिवसांत 12,201 एकर मिळाले. त्यांतला एकही एकर देताना त्यानं पाहिला नसेल. त्याचा संबंध फक्त देणाऱ्याच्या गावापर्यंत नेण्याशी.

एकदा मित्रांबरोबर वर्धेजवळच्या पांदणीनं पहाटे कंदील घेऊन चाललो. कंदिलाबद्दल लिहिणाऱ्यानं निदान तेवढं करावं. पहिला धडा: कंदील पुढे धरला, तर मागच्यांच्या डोळ्यांवर येतो आणि त्यांना काहीच दिसत नाही. धरणाऱ्यानं तो बाजूला, मांडीशी धरायचा. मग त्याच्या पायांच्या दोन सावल्या धुऱ्यावरून पलीकडच्या पऱ्हाट्यांत उघडमीट करत पळतात. दुसरा धडा: वात मोठी केली की उजेड वाढत नाही, काजळी वाढते. आमच्यातल्या उत्साही गड्यानं चावी पिळली आणि काच वरच्या अंगानं काळी पडत गेली. वात खाली आणल्यावर पुन्हा चार-पाच पावलांचं वर्तुळ. त्या वर्तुळात ढेकूळ, गाडीचं चाकोरं, वाळलेल्या शेणाचा पोह, काळ्या मातीतली भेग आणि एका वळणानंतर भेगा बंद होऊन सुरू झालेली मुरमाड बरड, एवढं सगळं अगदी स्वच्छ दिसलं. बोलणं आपोआप कमी झालं. कुणाचं तोंड दिसत नसलं की थट्टासुद्धा नीट करता येत नाही.

ही बरड मी मुद्दाम सांगतो आहे. काळी कन्हार कुठे संपते आणि जिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही ती जमीन कुठे सुरू होते, हे यात्रेत सर्वांत आधी कंदिलाला कळत असे. दानपत्र हातात घेणाऱ्याला ते कळायला वेळ लागला. सप्टेंबर 1951 मध्ये विनोबा पुन्हा पवनारहून पायी निघाले, दिल्लीला, नियोजन आयोगाशी बोलायला. वाटेत त्यांनी पाच कोटी एकरांचा आकडा जाहीर केला. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असा त्यांचा हिशेब. लोकांनी दिलं, सगळं मिळून 42 लाख एकरांच्या आसपास. त्यांत खरोखर पोटची जमीन तोडून देणारे होते, दोन-चार गुंठ्यांतला तुकडा देणारे होते, आणि वादातली, जंगलातली, खडकाळ जमीन कागदावर चढवून हात जोडणारेही होते. लाखो एकर वाटता आले नाहीत. विनोबांना हे माहीत होतं. एकानं खोटं दिलं म्हणून दहा जणांचं खरं नाकारायचं नाही, अशी त्यांची वृत्ती होती. ती मला पटते. पण कागदाची छाननी करायला भरवशाची माणसं हवी होती, आणि ती पुरली नाहीत, हेही खरं.

विदर्भात या जमिनींना आजही जुन्या मध्य प्रदेशाचा 1953 चा भूदान यज्ञ कायदा लागतो. तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होती आणि वर्धा त्यातला एक जिल्हा. कसणारा सातबाऱ्यावर ‘भूदानधारक’. त्यानं कसावं, पोरांनी कसावं, विकू मात्र नये.

गावची माणसं यात्रेला शिवेपर्यंत पोचवायला येत आणि पुढच्या गावची शिवेवर घ्यायला उभी असत. कंदील वाहायला त्यांतलाच एखादा पोरगा पुढे होत असेल. विनोबांची चाल वेगाची, तेव्हा त्याला जवळजवळ पळावंच लागत असेल, आणि पळताना वात फडफडते. ती सांभाळणं हे एरवी बायकांचं कौशल्य. घरातल्या सगळ्या कंदिलांच्या काचा सांजेला पुसून ठेवणाऱ्या त्याच. पुढे नागपूरच्या निर्मला देशपांड्यांसारख्या शिकलेल्या मुली यात्रेत आल्या आणि वर्षानुवर्षं चालल्या. घरात वात सांभाळणाऱ्या हातांना बाहेरच्या पहाटेची सवय त्या काळी सोपी नव्हती, त्यामुळे कंदिलाच्या वर्तुळात आलेल्या त्या पायांकडे मी जास्त आदरानं पाहतो.

1964 मध्ये विनोबा पवनारला परतले. दुसऱ्याच वर्षी बिहारमध्ये तूफान यात्रा सुरू झाली, आणि तिच्यासाठी ते मोटारीत बसले. सत्तरी गाठलेला, पोटाच्या अल्सरनं गांजलेला माणूस. त्यानं आणखी किती चालावं? मोटारीला स्वतःचे दिवे असतात. गड्याचं काम गेलं. वेग वाढला तसे आकडेही वाढले, गावंच्या गावं ग्रामदानात नोंदली जाऊ लागली आणि 1969 साली अख्खं बिहारदान जाहीर झालं. त्या दिव्यांच्या झोतात दूरची झाडं, मैलाचे दगड, स्वागताच्या कमानी सगळं दिसत असेल. पायाखालची जमीन कन्हार आहे की बरड, हे बघायला कुणाला तरी खाली उतरावं लागलं असतं, आणि मोटार प्रत्येक धुऱ्यापाशी थांबत नाही.