कॅमेऱ्याला पाठ नसते

'खासगी' हा शब्द आपण येता-जाता वापरतो, पण एके काळी तो राजेरजवाड्यांच्या हिशेबातला होता. होळकरांच्या राज्यात 'दौलत' वेगळी आणि 'खासगी' वेगळी. दौलत राज्याची, खासगी राजघराण्याची. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि मंदिरं बांधली ती ह्या खासगीच्या पैशातून. म्हणजे ज्याचा जाब दुसरा कुणी विचारणार नाही असं काहीतरी आपल्याजवळ असणं, ही मुळात मोठ्या घरची गोष्ट.

आमच्यासारख्यांच्या घरात कुठली आलीय खासगी! माझ्या माहेरी वाड्यात तीन खोल्या आणि अकरा माणसं. पत्र यायचं ते बहुधा पोस्टकार्ड. पोस्टमन, ओटीवर बसलेले आजोबा, शेजारच्या काकू अशा सगळ्यांचं वाचून झालं की मग ते आईच्या हाती पडायचं. म्हणून कार्डावर 'इकडील सर्व क्षेम' एवढंच. मनातलं काही लिहायचं असेल तर आंतरदेशीय पत्र, चांगलं डिंक लावून चिकटवलेलं. कार्डावर काय लिहायचं आणि आंतरदेशीयात काय, हे लिहिणारा ठरवायचा. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा मंडळी, पुढे लागणार आहे.

माझ्या वयाची माणसं म्हणतात, "आम्हाला कुठे होती प्रायव्हसी? काही बिघडलं का आमचं?" हे खरं आहे, पण अर्धंच. वाड्यातलं पाहणं दोन्हीकडून असायचं. काकूंना माझं सगळं कळायचं, तसं मलाही काकूंचं कळायचं. त्या फार बोलल्या तर उलट बोलता यायचं (मग आईचा मार खावा लागायचा, ते वेगळं). आणि आठ दिवसांत दुसऱ्या कुणाच्या घरी काहीतरी घडलं की आपलं प्रकरण मागे पडायचं. लोक विसरायचे.

मी स्वतः आयुष्यभर नजर ठेवण्याचंच काम केलं. १९७४ ते २००९ अशी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात साठ-साठ मुलं. नोकरीला लागले तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वर्गावरची नजर हलवायची नाही." पण नजर हलवावी लागते, हे हळूहळू कळत जातं. फळ्यावर लिहिताना बाईंची पाठ वर्गाकडे होते. मी कधी कधी मुद्दाम सावकाश लिहायची. तेवढ्यात मागे कुजबुज व्हायची, चिठ्ठी सरकायची, कुणी चिंच तोंडात टाकायचं, सकाळी घरी मार खाऊन आलेली एखादी मुलगी डोळे पुसून घ्यायची. मला सगळं कळायचं. मला कळतंय हे मुलांनाही कळायचं. त्या मिनिटभराच्या जोरावर वर्ग पुढची वीस मिनिटं नीट बसायचा. परीक्षेच्या तीन तासांत ती सोय नसते, आणि पेपर सुटल्यावर मुलांचे चेहरे कसे होतात ते आठवून पाहा.

'पाठ फिरवणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे वाईट अर्थानेच आहे. मीही तो तसाच शिकवला. (आणि परीक्षेत अर्थ 'साथ सोडणे' असाच लिहायचा हं!)

निवृत्तीनंतर, २०१० साली, आम्ही दोघं सहलीबरोबर अंदमानला गेलो होतो. तिथलं सेल्युलर जेल १९०६ साली बांधून पुरं झालं. मधोमध मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती, आता तीनच उरल्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. कैद्याने कैद्याला पाहायचं नाही, मनोऱ्यावरच्या माणसाने मात्र सगळीकडे पाहायचं. बाकी मंडळी सावरकरांची कोठडी बघायला वर धावली. हे मनोऱ्यापाशीच उभे. मला म्हणाले, "इथे एक माणूस पुरत असेल. आणि तो झोपला तरी कैद्यांना कळणार नाही, ते आपले शहाण्यासारखेच वागणार."

ते वाक्य मला मागच्या वर्षी आठवलं. ह्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी बाथरूममध्ये पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण तासभर उठता आलं नाही. मुलगा टोरांटोला. तो धावत आला, पंधरा दिवस राहिला, आणि जाताना हॉलमधल्या शोकेसवर इडलीएवढा एक पांढरा कॅमेरा बसवून गेला. त्यात वाईट हेतू काय असणार? बारा हजार किलोमीटरवर बसलेल्या मुलाने आणखी काय करायचं?

दुपारी चार वाजता चहा घेताना ह्यांच्या फोटोशी दोन शब्द बोलायची माझी सवय आहे. भाजी काय आणली, कुणाचा फोन आला, असलंच काहीतरी. कॅमेरा बसल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी लक्षात आलं की आपण बोलत नाही आहोत. कुणी मना केलं नव्हतं. टोरांटोत त्या वेळी भल्या पहाटेची वेळ, सगळी झोपलेली. हे कळत होतं, तरी तोंडातून शब्द निघेना. दुपारी सोफ्यावर आडवी व्हायची, तेही बंद झालं, कारण झोपेत माझं तोंड उघडं राहतं. सूनबाईंनी एकदा प्रेमाने विचारलं, "आई, आज शिरा केला होतात वाटतं?" मला साखरेचा त्रास आहे, तिला काळजी. पण तो शिरा घशाखाली उतरला नाही.

माझं एक वेळ सोडा. कामाला येणाऱ्या मावशी माझ्याकडे बारा वर्षं आहेत. भांडी झाली की त्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून चहा घेतात आणि घरचं सांगतात. नवऱ्याचं, भिशीचं, मुलाच्या नोकरीचं. त्यांनी विचारलं, "बाई, ह्याच्यातून आवाज पण जातो का हो?" मी जातो म्हटलं. त्या दिवसापासून चहा स्वयंपाकघरात, उभ्याने, पदर नीट करून. सोसायटीच्या गेटवर त्यांच्या येण्या-जाण्याची वेळ मोबाइलमध्ये नोंदली जातेच. आता हेही. त्यांची परवानगी कुणी घेतली होती? पोस्टकार्ड की आंतरदेशीय, हे मावशींना कुणी विचारलंच नाही.

मग कायदा काय म्हणतो ते शोधून वाचलं. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाचा एक माणूस दरोड्याच्या खटल्यात पुराव्याअभावी सुटला होता. तरी पोलीस रात्री-बेरात्री त्याच्या घरी येऊन दार ठोठावत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क मात्र मानला नाही. तो मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल. अर्जदार होते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी, वय ९१! मला फार बरं वाटलं. पुढे २०२३ मध्ये माणसाच्या माहितीचं रक्षण करणारा कायदाही झाला. मात्र त्यातून सरकारला आपल्या यंत्रणा वगळता येतात, आणि घरगुती कामासाठी माणसाने स्वतः वापरलेली माहिती तर त्यात येतच नाही. म्हणजे माझ्या शोकेसपर्यंत तो पोचायचा नाही. तिथलं आपणच बघायचं.

कॅमेरे नकोतच असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींच्या बाबतीत जे झालं, त्यानंतर शाळांमध्ये कॅमेरे सक्तीचे झाले, आणि शिक्षिका म्हणून माझा त्याला विरोध नाही. जिन्यात असावेत, फाटकावर असावेत. पण वर्गातला कॅमेरा फळ्याकडे वळून सावकाश अक्षर काढत बसणार नाही, एवढं मला दिसतं.

दिवाळीत मुलाशी बोलले. तो आधी चिडला. "अगं आई, तू पुन्हा पडलीस तर?" म्हटलं, "पडले तर कळायला हवंच. पण मी पडले नाही, हे तुला दिवसभर बघत बसायची गरज नाही." दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच तोड काढली. कॅमेरा आता पॅसेजमध्ये आहे, तोंड बाहेरच्या दाराकडे, आवाज बंद. मी बाथरूमकडे गेले आणि परत आले एवढं त्याला दिसतं. रात्री झोपताना मी 'निजते' असा निरोप पाठवते. सकाळी सातपर्यंत 'उठले' आला नाही तर तो शेजारच्या वहिनींना फोन करणार. हॉल माझा.

ह्याला आता दोन महिने झाले. माझं चारचं बोलणं पुन्हा सुरू आहे. मावशीही पंख्याखाली बसतात. पण घरचं काही सांगायच्या आधी अजून एकदा शोकेसकडे बघून घेतात.