मागच्या ॲक्सलचे बोल्ट

मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत कोड पाडणारे माझ्यासारखे लोक जुनी गाडी दिसली की उगाच हळवे होतात. सध्या ऑनसाईट मिशिगनमध्ये आहे, त्यामुळे विकांताला जुन्या मसल कार भरपूर दिसतात. लोक बॉनेट उघडून इंजिनाचे फोटो काढतात, मी मागे जाऊन खाली वाकतो. बॅज आणि पट्टे कुणीही चिकटवेल हो, ॲक्सल बदलायला घाम गाळावा लागतो.

शेवरोलेचं तसं सोपं. डिफरन्शिअलच्या मागच्या झाकणाचे बोल्ट मोजायचे. बारा असतील तर आतला रिंग गिअर ८.८७५ इंचांचा, म्हणजे दणकट. दहा असतील तर त्या काळात बहुधा ८.२ किंवा ८.५. फोर्डच्या ८ आणि ९ इंचीला मागे उघडणारं झाकणच नाही, अख्खा गिअरसंच पुढून निघतो. तिथे खालच्या नटांवर सॉकेट सरळ बसला तर ८ इंची, बसला नाही आणि साधा पाना घ्यावा लागला तर ९ इंची. इंजिनिअरिंगला चार वर्षांत इतकं कामाचं कुणी शिकवलं नाही!

असो. मागच्या महिन्यात एक मित्र साठवलेले पैसे घेऊन १९६९ ची शेव्हेल बघायला निघाला, सोबत मला ओढलं. विकणारे आजोबा सत्तरीचे. म्हणाले, अस्सल एसएस ३९६ आहे, पॉझिट्रॅक्शनसकट. गोची अशी की १९६९ च्या शेव्हेलच्या व्हिन नंबरावरून ती एसएस आहे की साधी मालिबू, हे कळत नाही. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. एसएस ३९६ खाली बारा बोल्टचा ॲक्सल हवा. मोजले, बाराच होते. मित्र खूष.

पण बारा बोल्ट म्हणजे पॉझिट्रॅक्शन असं काही नाही. दोन्ही मागची चाकं स्टँडवर उचलली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, कृपया), गाडी न्यूट्रलमध्ये. डावं चाक पुढे फिरवलं तर उजवं मागे फिरलं. म्हणजे साधा डिफरन्शिअल, किंवा आतले क्लच पार झिजलेले. मग एक चाक धरून ठेवलं आणि दुसऱ्याला पूर्ण दोन फेरे दिले. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण केली होती, त्याचे सव्वातीनपेक्षा किंचित जास्त फेरे झाले. म्हणजे ३.३१ चा रेशो. आजोबा ४.१० सांगत होते.

शेवटी वायर ब्रशने हाउसिंगवरची तारीख घासून काढली. कास्टिंगवर महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा एकच आकडा असतो. दशक लिहायचंच नाही, म्हणजे वायटूकेच्या आधीचा वायटूके :) हा ॲक्सल कारमध्ये साठच्या दशकाच्या मध्यापासून १९७२ पर्यंतच आला म्हणून निभावतं. इथे बी, ९, ०. फेब्रुवारी १९७०. १९६९ च्या मॉडेलखाली! कधीतरी दुसऱ्या गाडीचा ॲक्सल आणून बसवलेला.

यावरून गाडी एसएस नव्हतीच असं सिद्ध होत नाही. पण बारा बोल्टांची साक्ष गेली. आता हे सांगायचं कसं? आजोबा फसवत नव्हते, त्यांनाही कुणीतरी हेच सांगून विकली होती. मित्र हळूच म्हणाला, "अरे, तूच सांग. मला नाही जमणार."

मी सांगितलं. आजोबांनी काही न बोलता टॉर्च घेतला, त्या वयात गाडीखाली आडवे झाले आणि तो शून्य बोटाने पुसून पुसून पाहिला. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग म्हणाले, वीस वर्षं दर रविवारी ही गाडी धुतोय, पण खालून कधी बघितलीच नाही.

मित्राने मालिबूचा भाव सांगितला. उद्या कळवतो म्हणाले. याला आता तीन आठवडे झाले.